नील्स क्रिस्टेन्सेनचे वंशज

सोमवारी सकाळी आयगिलमामाचा फोन आला तेव्हा सिसेल ब्रोगोर आरशासमोर उभी राहून स्वतःचीच मुलाखत घेत होती. प्रश्न तिचे, उत्तरंही तिचीच, आणि तरी ती दोनदा नापास झाली होती.

"सिसेल, बसली आहेस का?" मामा म्हणाला.

"उभी आहे."

"मग बस. बेनेडिक्टे स्टाम्पे आपल्या रक्ताची आहे."

सिसेल बसली. खुर्चीवर ओला टॉवेल होता, त्याच्यासकट बसली.

बेनेडिक्टे स्टाम्पे ही निवड समितीची अध्यक्षा. मुलाखत गुरुवारी. जागा कायमची, आणि सिसेलच्या आयुष्यात आजवर कायमचं असं काहीच आलं नव्हतं. कणभौतिकीत डॉक्टरेट घेतल्यापासून ती तात्पुरत्या करारांवर जगत होती. वाहत्या पाण्यात एक ओंडका बुडायला लागला की दुसरा धरावा, तसं. हातातला ओंडका या महिनाअखेरीस बुडणार होता. त्याच दिवशी या जागेची मंजुरीही संपत होती. तोवर माणूस नेमला नाही तर विद्यापीठ जागा परत घेणार, आणि युटलंडमध्ये, म्हणजे डेन्मार्कच्या या द्वीपकल्पात, दुसरी जागा नाही. मग कोपनहेगनची एक विमा कंपनी होती. तिथं माणसं साधारण कोणत्या वयात मरतात याचा हिशेब करायचा होता. पगार चांगला होता, त्यामुळं भीती जास्तच वाटत होती.

त्यात बेनेडिक्टे. तिच्या मुलाखतीतून बाहेर पडलेला एक उमेदवार आपली सायकल तिथंच विसरून, वाऱ्याच्या तोंडावर चालत घरी गेला होता. दुसरा संशोधन सोडून मासेमारीच्या बोटीवर गेला म्हणत. आत काय होतं ते मात्र कुणी सांगत नसे, आणि चांगलं झालं असतं तर कुणीतरी सांगितलंच असतं.

रविवारी मामा जेवायला आला होता. राय धान्याचा काळा पाव, मुरवलेला हेरिंग मासा आणि त्यावर दोन घोट जळजळीत दारू एवढ्यावर सिसेलनं मन मोकळं केलं आणि बेनेडिक्टेचं नाव तिच्या तोंडून गेलं. मामाचा काटा हवेतच थांबला. "स्टाम्पे?" तो म्हणाला, आणि गोड न खाताच उठला. मामा गोड सोडून उठतो म्हणजे कुणाचं तरी थडगं उकरलं जाणार, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

आयगिलमामाची सारी नोकरी आयकर खात्यात झाली. जिवंत माणसांचे उत्पन्नाचे उगम शोधून शोधून तो दमला, आणि निवृत्तीनंतर मेलेल्यांच्या मागे लागला. मेलेली माणसं कागद लपवत नाहीत, वकील आणत नाहीत आणि अपीलही करत नाहीत, त्यामुळं हे काम त्याला फार मानवलं. होलस्टेब्रोच्या कुलवृत्त मंडळाचा तो उपाध्यक्ष होता. त्याच्या लेखांत मजकुरापेक्षा तळटीपा जास्त असत. मंडळात त्याला मान होता, कारण त्या तळटीपा तपासायची कुणाची छाती नव्हती.

"स्टाम्पे म्हणजे लोकर कुटायची गिरणी," मामा फोनवर सांगत होता. "स्कोव्हलिंग गावात होती. तिचा मालक नील्स क्रिस्टेन्सेन. त्याच्या मुलीकडून आपण आलो, आणि त्याच्या मुलाकडून ती. तुझी ती लांबची मावशी होते."

"किती लांबची?"

"पुष्कळ. पण रक्त म्हणजे रक्त."

"मामा, तू हे कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"छे. कुणाला सांगणार?" मामा म्हणाला. "फक्त मंडळाच्या संकेतस्थळावर टाकलंय. 'जुन्या गिरणीच्या दोन विदुषी'. तुमचे दोघींचे फोटो आहेत. गुरुवारच्या मुलाखतीचाही उल्लेख केलाय, आगाऊ अभिनंदनासह."

सिसेलच्या पाठीतून थंड काहीतरी सरकलं. ते टॉवेलचं पाणी नव्हतं.

तिनं दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. नातं जाहीर केलं, तर लोक म्हणणार की बाई बेनेडिक्टेला टाळतेय. नाही केलं, तर हरलेला एखादा उमेदवार उद्या तो लेख काढणार, अभिनंदनासह, आणि नेमणूक रद्द होणार. पहिल्यात बदनामी होती, दुसऱ्यात बदनामी आणि विमा कंपनी. ती सायकल काढून विद्यापीठात गेली.

कर्मचारी विभागात युट्टे नावाची बाई बसायची. नियमांवर तिचं प्रेम नव्हतं, तिला त्यांचं भय होतं. गेल्या वर्षी एक नेमणूक रद्द झाली होती, कारण समितीतला एक सभासद उमेदवाराबरोबर बॅडमिंटन खेळतो हे तिला माहीत नव्हतं. तेव्हापासून ती जिन्यात दोन माणसं बोलताना दिसली तरी थांबून ऐकायची.

"मावशी?" युट्टे म्हणाली.

"खूप लांबची गं. सात-आठ पिढ्या. नियम जवळच्या नात्याचा आहे ना?"

"नियम म्हणतो, 'किंवा अन्य कारणानं शंका घेता येईल असा संबंध'." युट्टेनं पडद्यावरचा लेख वाचला, फोटो पाहिले, आणि तिचा रंग उतरला. "तुम्हा दोघींची हनुवटी सारखीच आहे."

"युट्टे, अर्ध्या युटलंडची हनुवटी अशीच आहे."

"तेच म्हणते मी. शंका घेता येते."

दुपारपर्यंत बेनेडिक्टेला पत्र गेलं: उमेदवाराशी आपलं नातं असल्यानं आपण समितीतून बाजूला व्हावं. बेनेडिक्टेचं उत्तर एका शब्दाचं आलं. "ठीक." हा शब्द सिसेलनं तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तिला तो वेगवेगळ्या प्रकारे भयंकर वाटला.

अध्यक्षपद प्रेबेनकडे गेलं. प्रेबेन हा भला माणूस, मुलाखतीत झोपतो एवढाच दोष. सिसेलला हायसं वाटलं. पण मंगळवारी सकाळी युट्टेला वाटलं की एकाचं नातं निघालं तर दुसऱ्याचंही निघू शकतं, आणि ते निघण्याआधी आपल्याला कळलेलं बरं. तिनं मामाचा नंबर शोधून काढला.

"प्रेबेन ना? त्याची आई कुठली?" मामानं विचारलं.

"माहीत नाही."

"मला कळेल," मामा म्हणाला, आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्याला कळलं. प्रेबेनच्या आजीची आजी स्कोव्हलिंगची, नील्स क्रिस्टेन्सेनची नात. प्रेबेन गेला. त्याच्या जागी फ्यून बेटावरून एक बाई बोलावली. मामानं संध्याकाळच्या कॉफीआधी तिचा खापरपणजोबा स्कोव्हलिंगच्या गिरणीवर हमाल म्हणून लावला आणि मालकाच्या मुलीशी त्याचं लग्नही लावून दिलं. मग युट्टेनं थेट बॉर्नहोमचा माणूस काढला. हे बेट इतकं पूर्वेला की तिथून स्वीडन जवळ.

"बॉर्नहोम," मामा फोनवर म्हणाला. "थांब हं. बॉर्नहोमला आपला एक पळून गेला होता."

आयकर सोडल्यापासून मामाला इतकं कुणी विचारलं नव्हतं. तो आता फोन उचलताना "बोला, ब्रोगोर कुलवृत्त" असं म्हणू लागला. वास्तविक ब्रोगोर हे सिसेलच्या वडिलांचं आडनाव, मामाचं नव्हेच. पण कार्यालय म्हटलं की नाव हवं.

सिसेलनं त्याला फोन केला. "मामा, थांब आता. तू समिती संपवतोयस."

"मी संपवतोय? मी फक्त खरं ते सांगतोय. तू तरी वेगळं काय करतेस? तूच म्हणाली होतीस ना, तुझ्या यंत्रात आई-कण दिसतच नाही, दिसण्याआधीच फुटतो. लेकी तेवढ्या हाती लागतात, आणि लेकींवरून तू आई शोधतेस. मीही तेच करतो. तुझ्या आईला कुणी खोटं म्हणतं का?"

"म्हणतात रे. रोज म्हणतात."

"म्हणोत. युट्टेचंही पाहिलं मी."

"युट्टेचं कशाला?"

"ती तुझे कागद हाताळते ना? तीही आपलीच निघाली. मघाशीच सांगितलं तिला. बिचारी रडली."

बुधवारी सकाळी सिसेल विभागात गेली तेव्हा युट्टे टेबलापासून हातभर दूर बसली होती, जणू सिसेलच्या अर्जाला चुकून हात लागला असता. "मी आता काही सही करू शकत नाही," ती म्हणाली. "मुलाखत पुढे ढकलावी लागेल."

"पुढे म्हणजे कधी?"

"निर्दोष समिती मिळेल तेव्हा."

"मंजुरी शुक्रवारी संपते, युट्टे."

"ठाऊक आहे मला. बाई गं, मी तुझ्या बाजूची आहे." हे बोलून युट्टेनं तोंडावर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. "हे मी बोलले नाही."

सिसेल व्हरांड्यात येऊन खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर सपाट शेतं आणि त्यावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. तिला विमा कंपनीतलं आपलं टेबल दिसू लागलं. टेबलावर गणनयंत्र, आणि समोर तक्ता: आयकर खात्यातून निवृत्त झालेले पुरुष साधारण किती जगतात. उत्तर तिला नकोसं वाटलं, कारण ते भरपूर निघेल अशी तिची खात्री होती.

तिथंच तिला थोरगेयर आठवला. थोरगेयर आइसलँडचा, तिच्याच विषयातला, आणि या आठवड्यात एका परिषदेसाठी कोपनहेगनला आलेला. ती धावत परत गेली. युट्टेनं भीतभीत मामाला फोन लावला.

"आइसलँड?" मामाचा सूर पडला. "त्यांची घराणी पार हजार वर्षांपासून छापलेली असतात. तिथं माझ्यासारख्याला काम काय? स्वच्छ आहे म्हणा. निदान वरवर तरी."

"आणि रसायनशास्त्रात एक हंगेरियन आहे."

"तो राहू दे. हंगेरियन कुणाचेच लागत नाहीत."

समिती झाली. थोरगेयर अध्यक्ष, हंगेरियन सभासद, आणि टिपणाला युट्टे. कागदाला थेट हात लागू नये म्हणून तिनं वेगळी वही आणली होती. गुरुवारी खोलीत कॉफीचा थर्मास, बशीत दालचिनीचे रोल आणि टेबलावर एक मेणबत्ती होती. सिसेल आत आली ती सायकल विसरलेल्या माणसाला आठवतच. पण थोरगेयर रुंद, लाल दाढीचा, हसरा माणूस निघाला. हंगेरियन नुसता रोल खात होता. इतकी सोपी मुलाखत तिनं आरशातही घेतली नव्हती. वीस मिनिटांत तिचे खांदे खाली आले, आणि आपल्याला ही जागा मिळते आहे असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"हा उंचवटा," थोरगेयरनं तिच्या आलेखावर बोट ठेवलं. "तू म्हणतेस इथं आई-कण आहे. कशावरून? लेकी लाखांनी उडतात. त्यातल्या कुठल्याही दोघी धरून जोडी लावली तर कधी ना कधी आई निघणारच."

हा प्रश्न तिच्या हातचा मळ होता. "बरोबर. गर्दी फार असली की कुणालाही कुणाची तरी बहीण ठरवता येतं. म्हणून मी उलट परीक्षा घेते. एक लेक कणांच्या आजच्या टकरीतली घेते, दुसरी मागच्या वर्षीच्या टकरीतली. या दोघी बहिणी असणंच शक्य नाही. त्यांच्यावर तीच रीत चालवते. तरीही आई सापडली, तर आई खोटी. ती कणांमध्ये नसते, माझ्या रीतीत असते. रीतच अशी की कुणालाही घाला, तीच आई बाहेर..."

सिसेल थांबली.

बेनेडिक्टेत नील्स निघाला. प्रेबेनमध्ये नील्स, फ्यूनच्या बाईत नील्स, बॉर्नहोममध्ये नील्स, युट्टेत नील्स. मामानं ज्याला हात लावला त्यात नील्स. एकदाही "सापडला नाही" असं तो म्हणाला नव्हता.

जुन्या युटलंडमध्ये आडनावं नव्हतीच. क्रिस्टेनचा मुलगा क्रिस्टेन्सेन, नील्सचा नील्सेन. बापानं पोराला आजोबाचं नाव द्यायचं, आणि त्या पोरानं आपल्या पोराला बापाचं. गावात दगड फेकला तर नील्स क्रिस्टेन्सेनला लागायचा, आणि नेम चुकला तर क्रिस्टेन नील्सेनला. स्कोव्हलिंगमध्ये असे किती नील्स असतील? मामानं त्या सगळ्यांना गोळा करून एकाच गिरणीत कोंबलं होतं.

हे बोलायचं की नाही? न बोललं तर हा हसरा माणूस, ही मेणबत्ती, आणि संध्याकाळी जागा. बोललं तर नातं खोटं. नातं खोटं म्हणजे बेनेडिक्टेला काढलं ते चूक. आणि ते चूक म्हणजे... पुढचं तिला विचारवेना. तिनं रोलचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

"का थांबलीस?" थोरगेयरनं विचारलं.

ती चावत राहिली. तुकडा किती चावणार? शेवटी तो संपला.

"उत्तर पुरं झालं नाही माझं," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज पुढे जाताना ऐकू आला, ब्रेक नसलेल्या सायकलीसारखा. "कारण मला आत्ताच कळलं की माझ्या मामानं ही परीक्षा कधी घेतलेली नाही."

आणि तिनं सगळं सांगितलं. युट्टेचं पेन वहीवर थांबलं. हंगेरियनचं चावणं थांबलं. थोरगेयर मात्र खुर्चीत पुढे सरकला, आणि त्याच्या दाढीत काहीतरी हालचाल दिसू लागली.

"मग आत्ताच घेऊ," तो म्हणाला. "लाव फोन. आवाज मोठा कर, आणि तू बोलू नकोस."

"बोला, ब्रोगोर कुलवृत्त," मामा म्हणाला.

"मी थोरगेयर. माझ्या घराण्यातलं एक नाव खटकतंय. तुझ्यासारख्या जाणकाराला विचारावं म्हटलं. स्टीगांडी. होउल गावचा. माझ्या आजोबांच्या घरी होता. तुमच्याकडचा तर नसेल?"

"स्टीगांडी," मामा म्हणाला, आणि पलीकडे कळफलक खडखडू लागला. "स्टी-गांडी. आता बघ, तिकडच्या पाद्र्यांना डॅनिश लिहिता यायचं नाही. ऐकलं तसं खरडायचे. स्टीगांडी. स्टीग आन्... स्टीग आनर्सेन." खडखडाट थांबला. "आहे. आहे की. स्कोव्हलिंगचा स्टीग आनर्सेन. बोटीवर गेला आणि परत आला नाही. तो तुमच्याकडे आला होता होय? त्याची आई कोण होती सांगू?"

"सांग."

"नील्स क्रिस्टेन्सेनची धाकटी मुलगी. अरे, तूही आपलाच निघालास." मामानं कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. "कसा होता रे तो? काही आठवणी?"

"धष्टपुष्ट होता," थोरगेयर म्हणाला. "चाल सुंदर होती. म्हातारपणी मागचा पाय जरा दुखायचा."

"मागचा?"

"हो. आजोबांचा घोडा होता तो."

पलीकडे कळफलक पुन्हा खडखडू लागला. मग मामा हळूच म्हणाला, "घोडा. म्हणजे आईकडून की बापाकडून?"

थोरगेयर इतका हसला की मेणबत्ती विझली. हंगेरियननं आठवड्यातलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं: असं उत्तर त्यानं आजवर मुलाखतीत ऐकलं नव्हतं. थोरगेयरनं डोळे पुसले. "आपल्याच मामाचा आई-कण मोडून दाखवणारी बाई. मला आणखी कुणाला भेटायचं नाही. लिही, युट्टे. जागा हिला."

युट्टेनं लिहिलं नाही. ती वहीकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर बॅडमिंटन उमटलं होतं.

"म्हणजे बेनेडिक्टेचं नातं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे तिला काढायला नको होतं."

"नको होतं," थोरगेयर आनंदात म्हणाला.

"म्हणजे खरी समिती तीच आहे. आणि तुम्ही दोघं कुणीच नाही."

सिसेलनं डोळे मिटले.

"मी पहाटेची गाडी धरून आलोय," थोरगेयर म्हणाला.

"तुझा प्रवासखर्च मिळेल. पण मुलाखत झाली असं धरता येणार नाही. मला हे करायला आवडत नाही, सिसेल, देवाशपथ आवडत नाही. पण उद्या कुणी विचारलं तर? घोड्याचं सगळं माझ्या वहीत आलंय." ती उठली. "बेनेडिक्टे तिच्या खोलीत आहे. मी प्रेबेनला उठवते."

बेनेडिक्टेची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. सिसेल चालत निघाली तेव्हा भिंतीवरच्या जुन्या प्राध्यापकांच्या तसबिरी तिच्याकडे पाहत होत्या, आणि तिला वाटलं, यांच्यातही नील्स असेल. तिनं दारावर टकटक केली. आतून "हं" असं ऐकू आलं.

बेनेडिक्टे टेबलामागे ताठ बसली होती. राखाडी केस, राखाडी स्वेटर, डोळेही राखाडी. तिनं समोरच्या खुर्चीकडे मान हलवली. सिसेल बसली. बेनेडिक्टेनं तिच्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही.

हेच ते, सिसेलला कळलं. आत हेच होतं. बेनेडिक्टेचा चेहरा मिटलेल्या शिंपल्यासारखा होता. सिसेलला सायकल सोडून गेलेला तो माणूस समजला, बोटीवरचाही समजला. दोन मिनिटं तिनं दम धरला. मग तिचा बांध फुटला आणि तिनं सगळं सांगून टाकलं: हेरिंग, गिरणी, अभिनंदन, हनुवटी, घोडा. माफी मागितली, मामाची माफी मागितली, आणि कशाचीच माफी मागायची उरली नाही तेव्हा गप्प झाली.

"स्टाम्पे माझ्या नवऱ्याचं आडनाव आहे," बेनेडिक्टे म्हणाली.

सिसेलला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"माझ्या रक्तात गिरणी असेल तर ती दुसरीच कुठली तरी. तुझ्या मामानं माझ्या नवऱ्याचे पूर्वज शोधले, आणि तेही चुकीचे."

"मग तू बोलली का नाहीस? पत्राला 'ठीक' कशाला लिहिलंस?"

बेनेडिक्टेनं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, प्रेबेन अजून उठायचा होता. ती थोडी पुढे वाकली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"मला सुटका मिळाली म्हणून. किती वर्षं झाली, दर वेळी मलाच अध्यक्ष करतात. मला काय विचारावं ते सुचतच नाही गं. समोर माणूस बसला की माझं डोकं कोरं होतं. आदल्या दिवसापासून पोटात कळा येतात. सुरुवातीला मी जरा गप्प बसते, काही आठवतंय का बघते. तेवढ्यात ते स्वतःच बोलायला लागतात. एक तर रडला. मी त्याला काही म्हटलंही नव्हतं."

"सायकलवाला?"

"त्याची सायकल अजून खाली आहे. फोन करायचा धीर होत नाही."

सिसेलला आठवडाभरात पहिल्यांदाच श्वास पोटापर्यंत गेल्यासारखं वाटलं. बाहेर प्रेबेनच्या चपला वाजल्या. बेनेडिक्टे ताठ झाली, शिंपला मिटला, आणि प्रेबेन आत येऊन बसेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच ती राखाडी भिंत उभी राहिली होती. प्रेबेनला त्यात काही वेगळं दिसलं नाही. तो खुर्चीत नीट बसला आणि लगेच डुलकी घेऊ लागला. तो जागा झाला तेव्हा जागा सिसेलला दिलेली होती.

मामानं लेख मागे घेतला नाही. त्यानं फक्त एक तळटीप वाढवली: "घोड्याबाबत संशोधन सुरू आहे."

पुढच्या शरदात नव्या सहायकांच्या मुलाखती लागल्या आणि कायम झालेल्या माणसाची पाळी म्हणून सिसेलला बेनेडिक्टेशेजारी बसवण्यात आलं. तिला वाटलं होतं, आपण सगळ्यांशी थोरगेयरसारखं हसून बोलायचं. आदल्या दिवशी तिच्या पोटात कळ आली, ती मनाची असेल म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. पहिली उमेदवार आत आली, एक हसरी, गोबऱ्या गालांची मुलगी. बसली. सिसेलनं तोंड उघडलं, आणि डोक्यात काहीच नव्हतं. कण नाही, आई नाही, लेक नाही. नुसतं स्वच्छ, कोरं मैदान आणि वारा. तिनं शेजारी पाहिलं. बेनेडिक्टेही समोरच बघत होती. दोघी ताठ, दोघींचे ओठ मिटलेले. मुलीच्या गालांवरचं हसू हळूहळू विरत गेलं आणि तिनं कुणी न विचारता आपल्या एका चुकीच्या आलेखाची कबुली देऊन टाकली.

कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या युट्टेचं पेन थांबलं. तिनं एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, मग दोघींच्या हनुवट्यांकडे. मुलगी डोळे पुसत बाहेर गेल्यावर ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "तुम्हा दोघींचं खरंच काही नातं नाही ना?"

दोघींनी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघीही काही बोलल्या नाहीत.